उरलेल्या धगीवरचं गोड

दिवाळी म्हटलं की डोळ्यांपुढे आधी कढई येते. चकली, शेव, करंज्या, चिरोटे, अनारसे, शंकरपाळे, सगळं तळणीतून वर येतं. वसुबारसेच्या आधीपासूनच पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात तेलातुपाचा वास भरून राहतो. त्या वासाशी माझं काही भांडण नाही. पण शरदातल्या या सणाचं आणखीही एक गोड आहे. ते तळत नाहीत, उकडत नाहीत, चारी बाजूंनी धग देऊन भाजतात, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आमच्याकडे भाऊबीजेच्या जेवणाला असे दोन पदार्थ असतात. एक माहेरच्या पेठेतली नानकटाई, दुसरं आत्याच्या कोकणातलं तवसाचं, म्हणजे पिकलेल्या काकडीचं, धोंडस. एकाला मैदा लागतो, दुसऱ्याला जाड रवा. एकात पाण्याचा थेंब चालत नाही, दुसरं काकडीच्या पाण्यावरच उभं राहतं. तरी वर्षानुवर्षं दोन्ही करताना मला त्यांच्यातलं एक नातं जाणवत गेलं. ते नातं विस्तवाचं आहे. हे दोन्ही पदार्थ उरलेल्या धगीवर होतात.

हे नीट सांगायचं तर आधी भट्टीपाशी जायला हवं.

पुण्याच्या पेठांमध्ये आणि कॅम्पात अजून काही जुन्या बेकऱ्या आहेत, जिथे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरचा जिन्नस घेऊन गेलं की नानकटाई भाजून मिळते. मजुरी किलोवर. कुणी मैदा, तूप, पिठीसाखर नुसतं मोजून नेऊन देतात आणि बेकरीतले कारागीरच पीठ मळतात, गोळे वळतात. कुणी घरूनच गोळे वळून आणतात. आई दुसऱ्या पंथातली. तूप फेसायचं काम ती कुणाच्या हाती देत नसे. परातीत तूप घ्यायचं, तळहाताने एकाच दिशेने फिरवत राहायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं झालं की त्यात पिठीसाखर, पुन्हा फेसणं, मग मैदा आणि थोडा बारीक रवा, चिमूटभर सोडा, वेलची, जायफळ. फेसताना तुपात हवा शिरते, आणि तीच हवा पुढे भट्टीत फुगून नानकटाईला खुसखुशीत करते. सोडा मदतीला असतो, पण त्याच्या भरवशावर तूप फेसायचा कंटाळा केला तर नानकटाई दाताखाली विरघळत नाही, तुटते.

आम्ही मंडईच्या मागच्या बाजूला वाड्यात राहायचो. एकाच दिवशी वाड्यातल्या तीनचार बिऱ्हाडांची नानकटाई भट्टीत जायची. पत्रे सगळे सारखे, काळे, कडेला वाकलेले. तेव्हा कुणाचा पत्रा कुणाचा हे ओळखायला खुणा असत. समोरच्या काकू प्रत्येक गोळ्यावर पिस्त्याचा काप दाबायच्या. वरच्या मजल्यावरच्या मामी अंगठ्याने खळगा करून त्यात काही घालायच्या नाहीत. आमची खूण तीन चारोळ्या. घरी डबे आल्यावर या खुणांची देवाणघेवाण व्हायची. म्हणजे आमच्या डब्यात खालच्या थरात तीन चारोळ्यांच्या, वर पिस्त्याच्या आणि खळग्याच्या, आणि प्रत्येक घराच्या डब्यात असंच.

भट्टी म्हणजे विटांची ठेंगणी, कमानीच्या छताची खोली. आत लाकूड जळतं, विटा तापतात, मग निखारा बाजूला सारून, राख झाडून जमीन मोकळी करतात आणि तिथे माल लागतो. पहिला मान पावाचा. त्याला कडक आच लागते, विटा अगदी तापलेल्या असताना तो आत जातो आणि भराभर फुगून बाहेर येतो. मग त्याहून कमी आचेचा माल. नानकटाईची पाळी बरीच उशिरा, आणि सगळ्यात शेवटी टोस्ट, जे रात्रभर नुसते वाळत पडतात. दिवसभरात कुणी मधे नवी आग घालत नाही. सकाळी घातलेलं लाकूड रात्रीपर्यंत उतरत्या भांजणीने पुरवायचं आणि प्रत्येक पदार्थाला त्याच्या वाट्याची धग द्यायची, ही त्या कामातली खरी विद्या.

आमच्या बेकरीतले चाचा मैद्याची चिमूट भट्टीच्या जमिनीवर टाकायचे आणि तिच्याकडे बघत उभे राहायचे. मैदा टाकल्या टाकल्या काळा पडला तर पावाची वेळ. सावकाश बदामी होत गेला तर नानकटाईची. मी पत्रा डोक्यावर घेऊन आईच्या मागे उभी असायचे आणि ते म्हणायचे, "ताई, आत्ता नको. पाव आत्ताच निघालाय. तिला जरा बसू दे." तिला म्हणजे भट्टीला. मग आम्ही बाहेरच्या फळीवर बसून राहायचो. पुण्यात ऑक्टोबरची दुपार चांगली चटका देते, तरी आई पत्र्यावर ओलं फडकं धरून बसायची. कारण साजूक तूप अशा हवेत धड थिजलेलंही राहत नाही आणि धड पातळही होत नाही. गोळे सैल पडले तर भट्टीत गेल्यावर पसरतात, एकमेकांना चिकटतात, आणि नानकटाईची पोळी होते.

मंद धगीचं महत्त्व इथेच आहे. आच कडक असेल तर वरचं कवच आधीच लाल होतं आणि पोटात पीठ कच्चं राहतं. फारच कमी असेल तर पीठ आकार धरायच्या आत तूप वितळून वाहतं. लागते ती अशी आच, जी सुरुवातीला गोळ्याला आकार धरायला लावेल आणि मग हळूहळू उतरत जाऊन आतला ओलावा काढून घेईल. तापून नंतर निवत जाणारी विटांची भट्टी हे काम आपसूक करते. वर ज्या भेगा पडतात त्याही याच चालीने, पृष्ठभाग वाळतो, आतून पीठ उचलतं आणि कवच तडकतं. आई भेगा बघूनच सांगायची, यंदाची चांगली झाली का ते.

नानकटाईचं मूळ सुरतेत सांगतात. डचांची तिथे वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणाऱ्या भट्टीतून ही गोड बिस्किटं आपल्याकडे आली अशी कथा आहे. कथेचे तपशील काहीही असोत, एक गोष्ट पटते. हा घरच्या चुलीवरचा पदार्थ नव्हे, तो पावाच्या भट्टीच्या आसऱ्याने वाढलेला आहे. पुढे १९३७ साली डालडा बाजारात आला आणि नानकटाई स्वस्त झाली. वनस्पती तूप उकाड्यातही घट्ट राहतं, फेसायला सोपं, पसरत नाही. बेकऱ्यांनी ते का उचललं हे कळायला वेळ लागत नाही. आईनेही टंचाईच्या वर्षांत अर्धंअर्धं वापरलंय. मी वापरत नाही. २०२२ पासून तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे दोन टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे आजचा डालडा पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे खरं. पण साजूक तुपाची नानकटाई डबा उघडल्याबरोबर जो वास देते तो दुसऱ्या कशाने येत नाही. पुण्याबाहेरचे लोक कॅम्पातल्या कयानीच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठी रांग लावतात. १९५५ पासूनची बेकरी आहे ती, बिस्किटंही उत्तम, आणि मीही पाहुण्यांसाठी आणते. तरी दिवाळीला मला नानकटाईच हवी, घरची खूण असलेली.

आता धोंडस.

आत्याचं सासर गुहागरच्या बाजूला. तिच्या माजघरात दिवाळीच्या सुमाराला वर पाहिलं की वाशांना सुंभाने टांगलेली तवसं दिसायची. तवसं म्हणजे आपली काकडीच, पण पावसाळी वेलावरची, हातभर लांब, पिकून पिवळीधमक, मग तांबूस झालेली, सालीवर बारीक जाळी पडलेली. जमिनीवर ठेवलं तर टेकलेली बाजू कुजते, म्हणून टांगून ठेवायचं. मग ते दिवाळीच काय, त्यानंतरही कितीतरी दिवस टिकतं. माळरानावरचा वेल गणपतीत फळं द्यायला लागतो, आणि सगळं कोवळं खाऊन संपत नाही. जी पिकतात त्यांच्यासाठी धोंडस आहे. शरदात दुसरं कुठलं फळ घरात नसताना वाशावर आयता ठेवलेला हा गोडाचा साठा.

आत्या तवसं कापायची त्याआधी दोन्ही टोकं चाखायची. कडू निघालं तर गुरांना. चांगलं असलं तर साल काढून, उभं चिरून, आतला आंबूस गर आणि बिया काढायच्या. बिया राखेत घोळून पुढच्या वर्षासाठी भिंतीवर थापायच्या. मग कीस. किसाला जे पाणी सुटतं ते कधीच पिळून टाकायचं नाही, काकडीत पाण्याशिवाय असतं काय, आणि रव्याला फुलायला तेच पाणी लागतं. जाड रवा तुपावर खमंग भाजून घ्यायचा, अगदी लाल नाही. कीस, गूळ आणि ओलं खोबरं एकत्र शिजत ठेवायचं. गूळ विरघळून रटरटायला लागला की त्यात रवा, मीठ, वेलची, असले तर काजूचे तुकडे. मिश्रण पळीला जड लागेपर्यंत ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. इथवर तो एक प्रकारचा सांजाच असतो. पुढचं सगळं निखाऱ्याचं.

रात्रीची जेवणं झाली, झाकपाक झाली, चूल विझत आली की आत्या जाड बुडाच्या पितळी लंगडीत तळाला हळदीची पानं अंथरायची, त्यावर तुपाचा हात फिरवायची आणि मिश्रण थापायची. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून आत नुसते निखारे पसरायचे, त्यांच्यावर राखेचा पातळ थर द्यायचा. लंगडी त्यावर. वर जड झाकण, आणि झाकणावर पुन्हा निखारे. वरच्यासाठी ती करवंट्यांचे निखारे घ्यायची, ते जास्त धग धरतात आणि बराच वेळ टिकतात. मग दार लोटून सगळे झोपायला. मध्येच उठून बघणं नाही, झाकण उचलणं नाही. सकाळी वरची राख फुंकून, फडक्याने पुसून झाकण काढलं की धोंडस कडेने सुटलेलं असायचं. वरून तपकिरी, खालून पानाची शीर उमटलेली, आत ओलसर आणि लवचिक. हळदीच्या पानाचा वास सगळ्यात आधी यायचा आणि मग गुळाचा. चौकोनी वडी कापायची, तिच्यावर लोण्याचा गोळा. दिवाळीच्या पहाटे अभ्यंग झाल्यावर कोकणात पोहे खातात, गोडे, दुधातले, ताकातले; त्या पोह्यांच्या सोबत आत्याच्या घरी ही वडी असायची.

आपल्या स्वयंपाकात वरून उष्णता देण्याची सोय नव्हती असं मला एकदा एका पाककृतीच्या वर्गात सांगण्यात आलं. आपण फक्त खालून तापवत आलो, भाजणं साहेबाने आणलं, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आज तर अजिबात पटत नाही. झाकणावर ठेवलेले निखारे म्हणजे आणखी काय असतं? कोकणातल्या प्रत्येक घरात वर आणि खाली आच असलेली भट्टी होती, फक्त ती रोज रात्री नव्याने रचावी लागायची आणि सकाळी मोडायची.

आणि ती पेटत्या चुलीवर रचता येत नव्हती, हे महत्त्वाचं. जाळ असताना भात, आमटी, भाकरी. धोंडसाची पाळी सगळं आवरल्यावर. भट्टीतल्या नानकटाईचीही तीच गोष्ट, पाव निघाल्यावर. लाकूडफाटा कुणीतरी रानातून वाहून आणलेला असतो, बहुतेक वेळा बाईनेच. पावसाळ्याआधी रचून ठेवलेली लाकडं दिवाळीपर्यंत पुरवायची असतात. त्यातली शेवटची ऊबही वाया जाऊ न देता तिचा गोडाधोडासाठी उपयोग करणं ही काही गरिबीची तडजोड नव्हती. गुळाचा रंग, रव्याचं फुलणं, तुपाचं पिठात मुरणं या सगळ्याला सावकाश उतरणारीच आच लागते. कुणीतरी कधीतरी हे पाहिलं, जपलं, आणि सणाला जोडून दिलं. मला या शहाणपणाबद्दल फार आदर आहे.

फ्लॅटमध्ये अडचण अशी की काही उरतच नाही. गॅसचा कान पिरगाळला की जाळ संपला. पत्र्याचा ओव्हन बंद केला की दहा मिनिटांत थंड पडायला लागतो. म्हणून मी गेल्या काही वर्षांत ओव्हनला थोडं जड करायला शिकले. खालच्या जाळीवर बिडाचा तवा ठेवते आणि चांगली वीस-पंचवीस मिनिटं २०० अंशांवर तापू देते. बीड उष्णता धरून ठेवतं. नानकटाई आत गेली की १७० वर आणते, रंग चढायला लागला की १५०, आणि भेगा नीट उघडल्या की बंद करून पत्रा तसाच आत राहू देते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड पातेल्यात मीठ घालून तापवून त्यात ताटली ठेवून भाजावी. मिठाचा थरही धग सांभाळतो. मी कॉलेजात असताना आईने अशी केलेली आहे आणि ती चांगली होते, थोडी थोडी करावी लागते इतकंच.

धोंडसासाठी मात्र मला भांडं हवं होतं. आत्याची लंगडी तिच्या जावेकडे राहिली. मी कसब्यात तांबट आळीत जाऊन एक पसरट, जाड बुडाचं तांब्याचं भांडं करून घेतलं. तिथे अजून हातोड्यांचे आवाज येतात, ठोक्यांच्या खुणा पडून पत्रा घट्ट होत जाताना बघायला मला फार आवडतं. भांड्याला आतून कल्हई. कारागिरांनी मला विचारलं, यात काय करणार? ओव्हनमध्ये ठेवणार म्हटल्यावर ते जरा थांबले. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील साधारण २३२ अंशांना वितळतं. "दोनशेच्या वर नेऊ नका म्हणजे झालं," ते म्हणाले. धोंडसाला १८० पुष्कळ. अर्धा तास १८०, मग वीसेक मिनिटं १५०, मग बंद. रात्री दहाला आत टाकलेलं मी सकाळपर्यंत आतच ठेवते. तांबं, बीड आणि बंद दार मिळून जेवढी धग राखतात तेवढी राखतात. आत्याच्या चुलीइतकी नाही, पण कड सुटते, आणि तळाला पानाची शीर उमटते.

तवसं पुण्यात मिळवणं हा दरवर्षीचा उद्योग असतो. गुहागरहून कुणी येणार असेल तर आधीच सांगून ठेवायचं. स्वारगेटला उतरणाऱ्या एसटीतून बाकी सामानाबरोबर गोणपाटात गुंडाळलेलं तवसं मी घरी आणलेलं आहे. नाही मिळालं तर दाक्षिणात्य भाजीवाल्यांकडे सांबारात घालायची पिवळी काकडी असते, ती घ्यावी. तिचा आंबूसपणा थोडा वेगळा आणि पाणी जास्त, तेव्हा रवा मूठभर वाढवावा. साध्या हिरव्या काकडीचं करू नये. गोड होतं, पण धोंडस होत नाही. हळदीची पानं सप्टेंबरमध्येच मंडईतून आणून पुसून फ्रीजमध्ये ठेवते, कारण दिवाळीपर्यंत ती पिवळी पडायला लागतात. अलीकडे धोंडसाचे केक मिळतात, वर क्रीम लावलेले, अंडं आणि मैदा घातलेले. करणाऱ्यांनी जरूर करावेत. मला वाटतं, लोण्याच्या गोळ्यापुढे धोंडसाला दुसऱ्या कशाची गरज नाही, आणि मैद्याने त्याचा रवाळपणा जातो, जो त्याचा जीव आहे.

आमच्या बेकरीतली भट्टी आता लाकडावर नाही. डिझेलवर आहे, आणि चाचांचा मुलगा गॅसचा विचार करतो आहे. मुंबईत २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा पुष्कळांनी पावाची चव जाणार म्हणून हळहळ व्यक्त केली. मी त्या भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसांचे डोळे लहानपणापासून पाहिलेत. लाल, सतत पाणावलेले. चाचांना शेवटी खोकल्याने धड बोलता येत नव्हतं. धूर गेला तर तो जावाच. चव धुरात नव्हतीच फारशी. ती विटांत होती, आणि विटा केव्हा निवल्या हे ओळखणाऱ्या नजरेत. इंधन बदललं तरी विटांची भट्टी ठेवता येते, दिवसभराच्या मालाची उतरती रांग ठेवता येते. माझी काळजी वेगळी आहे. नव्या यंत्रांत प्रत्येक पदार्थासाठी वेगळं बटण असतं आणि हवं तेव्हा हवं तेवढं तापमान मिळतं. मग पाव आधी आणि नानकटाई मग असा काही संबंधच राहत नाही, आणि घरचा पत्रा घेऊन आलेल्या बाईला "जरा बसू दे तिला" म्हणून थांबवायचं कारणही. तिला थांबायला नको, म्हणून तिच्यासाठी वेळ काढायलाही नको. गेल्या वर्षी मला सांगण्यात आलं, यंदा भाजून देऊ, पुढच्या वर्षी बघू. दिवाळीच्या दिवसांत त्यांचाच माल इतका असतो की घरचे पत्रे घ्यायला जागा नसते. मी त्यांना दोष देत नाही. पण मी यंदाही विचारायला जाणार, आणि माझ्या ओळखीच्या चारजणींना घेऊन जाणार, कारण एकटीच्या दोन किलोसाठी भट्टी अडवणं अवघड; पाचजणींचे पत्रे असले तर एक खेप होते. वाड्यातही ते असंच चालायचं.

भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. यम यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून यमद्वितीया. पण बाबांना आता कोथरूडला आत्याकडे जिने चढून जाणं जमत नाही, म्हणून आत्याच रिक्षा करून आमच्याकडे कर्वेनगरला येते. दादा-वहिनी बाणेरहून येतात. एकाच पाटावर आधी बाबा बसतात आणि आत्या त्यांना ओवाळते, मग दादा बसतो आणि मी. आत्याचा हात आता थरथरतो, निरांजन ताटातून घसरू नये म्हणून वहिनी खालून ताटाला हात देते. मग पानं मांडायची. मसालेभात, अळूची भाजी, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, आणि गोडाला धोंडस. बासुंदी करू का, असं वहिनी दरवर्षी विचारते. तिच्या माहेरी भाऊबीजेला बासुंदीच लागते, तेव्हा छोट्या वाटीतून तीही असते.

आत्या धोंडस आधी बोटाने दाबून बघते. वडी दबून परत वर आली तर ती मान हलवते. मग उलटी करून तळ बघते. मग वास. यातलं काही ती आम्हाला समजावून सांगत नाही, पण पंगतीतले सगळे तिच्याकडे बघत असतात. गेल्या वर्षी तिने तळाची शीर बघितली आणि विचारलं, "पान मंडईतलं का गं?" हो म्हटलं. "दांडा जाड होता. कोवळं घेत जा." आणि मग लोण्यासकट दोन वड्या खाल्ल्या, ज्या तिला डॉक्टरांनी बंद केल्या आहेत. बाबा म्हणाले, "अगं, बस आता." ती म्हणाली, "तू मला लहानपणी कडेची वडी कधी मिळू दिली नाहीस, आता गप बस." कडेची वडी म्हणजे जिला दोन बाजूंनी कवच असतं ती. आमच्याकडे चार कोपऱ्यांच्या चार वड्यांवर अजूनही हक्क सांगितले जातात, आणि माझं तांब्याचं भांडं गोल आहे, त्याला कोपरे नाहीत, ही आत्याची त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

जेवणं झाली की तासाभराने चहा, आणि चहाबरोबर नानकटाईचा डबा. त्यावर आजही तीन चारोळ्या असतात. दादा पहिली उचलतो ती भेगा बघून, आईसारखीच. आई डब्याजवळच बसलेली असते, पण काही बोलत नाही. तिने यंदा तूप फेसलेलं नसतं, ते आता माझ्याकडे आलं आहे. खाताना हाताखाली दुसरा हात धरायचा, कारण भुगा पडतो, आणि तो भुगा शेवटी तळहातावरून तोंडात टाकायचा.

दादाचा मुलगा दोन वर्षांपासून बंगळूरला नोकरीला आहे. गेल्या दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याचा फोन आला, त्याच्या खोलीवर छोटा ओव्हन आहे, आत्या, मला धोंडस सांग, इथे ती पिवळी काकडी भरपूर मिळते. मी सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. दोन वाट्या जाड रवा, दोन वाट्या कीस पाण्यासकट, सव्वा वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं, अर्धी वाटी तूप, मीठ आणि वेलची. काकडीची टोकं आधी चाखून बघ. रवा मंद भाज. भांडं जाड घे, हळदीचं पान मिळालं तर उत्तम, नाही तर केळीचं. अर्धा तास १८० वर, मग कमी, मग बंद, आणि बंद केल्यावर दार उघडायचं नाही.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"रात्री ठेवलंस तर सकाळपर्यंत."

"आत्या, मला आज खायचंय."

"मग निदान तासभर. तेवढ्यात खाली जाऊन लोणी घेऊन ये. बिनमिठाचं बघून घे."